खालच्या ओळीतलं नाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे तुमच्या वर्तमानपत्राचे चार अंक मिळाले. आधी अंक वाचले, मग पत्र. जुनी खोड आहे, जायची नाही. टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब तू ज्या चिकाटीने मांडलायस तो मला आवडला. फोटोखालच्या ओळी अजून सैल आहेत, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

वाचत वाचत शेवटच्या पानाच्या तळाशी आले. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक, चारही शब्दांपुढे तुझ्या भावाचं नाव. शेजारी बारीक अक्षरात ‘पीआरबी ॲक्टनुसार संपादकीय जबाबदारी’ (वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा तो जुना कायदा, २०२४ मध्ये त्याच्या जागी नवा आला), तीही त्याचीच. आणि पत्रात तू लिहितेस की तो महिन्यातले वीस दिवस जिल्ह्याच्या गावी असतो, बातम्या तू आणतेस, पानं तू लावतेस, जाहिरातींची वसुलीसुद्धा तूच करतेस. वर मलाच विचारतेस, ‘ताई, नावात काय आहे, काम तर माझंच दिसतं ना?’

कोणाला दिसतं गं?

तुला एका बाईची हकिकत सांगते. अडीचशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या बाल्टिमोरची. मेरी कॅथरीन गोडार्ड तिचं नाव. तुझी आणि तिची गोष्ट इतकी जुळते की तुझं पत्र वाचताना मला मधेच हसू आलं. तिलाही भाऊ होता, विल्यम. तोही सदा बाहेर.

ती १७३८ ची, कनेटिकटमधली. वडील डॉक्टर, शिवाय न्यू लंडनचे पोस्टमास्तर. वडील गेल्यावर आई सारा हिने मुलाला छापखाना काढायला तीनशे पौंड दिले आणि १७६२ मध्ये प्रॉव्हिडन्स गावी ‘प्रॉव्हिडन्स गॅझेट’ सुरू झालं. विल्यम हुशार, पण एका जागी बूड टेकणारा नव्हता. वर्गणीदार पुरेनात, पत्र बंद पडलं, तो निघाला न्यूयॉर्कला. १७६६ मध्ये ते पत्र पुन्हा सुरू केलं ते आईने. मेरी कॅथरीन तिथेच खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, जुळवायला शिकली. पुढे विल्यमने फिलाडेल्फियात ‘पेनसिल्व्हेनिया क्रॉनिकल’ काढलं, तिथेही ह्या दोघी मागोमाग. तिथेच १७७० मध्ये आई वारली. मग विल्यम बाल्टिमोरला गेला आणि १७७३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरीलँड जर्नल’ काढलं. त्या शहरातलं पहिलं वर्तमानपत्र. फिलाडेल्फियाचा पसारा आवरून १७७४ च्या सुरुवातीला बहीण बाल्टिमोरला आली, तोवर भावाच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलेलं: ब्रिटिश सरकारच्या टपालाला टक्कर देणारी वसाहतींची स्वतःची टपालव्यवस्था उभी करायची. खूळ म्हणते खरी, पण पुढे त्यातूनच अमेरिकेचं टपालखातं आलं. म्हणजे माणूस वाया गेलेला नव्हता. एवढंच की तो घरी नसायचा.

तुम्ही संगणकावर वाढलेली मुलं, म्हणून सांगते. मी लागले तेव्हा आमच्याकडेही खिळेच होते. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. जुळाऱ्याने ते उलटं वाचायचं, बोटांनी खण शोधायचा, ओळ भरायची. छापून झालं की पुन्हा एकेक खिळा आपापल्या खणात परत. मी मुद्रितं तपासत असे. आमचे जुळारी मजकुराकडे न बघता माझ्याशी गप्पा मारत ओळ पूर्ण करायचे आणि चूक सापडली की वर मलाच दटावायचे. त्या काळातल्या अमेरिकन मुद्रकांचा इतिहास लिहिणारा आयझाया थॉमस हा स्वतः मुद्रक. त्याने मेरी कॅथरीनबद्दल लिहून ठेवलंय की ती खिळे जुळवण्यात तरबेज आणि बिनचूक होती. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला दिलेली पावती आहे ती.

तेव्हा संपादक आणि मुद्रक अशी वेगळी माणसं नसत. जो छापायचा तोच काय छापायचं ते ठरवायचा, आणि शिव्याही तोच खायचा. सव्वा वर्ष ती भावाच्या नावाखाली हे सगळं करत होती. मग १० मे १७७५ च्या अंकावर ओळ आली: प्रकाशक, एम. के. गोडार्ड.

नुसती आद्याक्षरं बरं का. वाचणाऱ्याला बाई की बुवा कळू नये अशी. त्यातही ती पुष्कळ पुढे होती. तिच्याआधी चार्ल्सटनला एलिझाबेथ टिमथी होती. नवरा गेल्यावर १७३९ पासून तिने ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’ चालवलं आणि ओळीत नाव घातलं ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं. त्या छापखान्यात बेंजामिन फ्रँकलिनची भागीदारी होती. नवऱ्यापेक्षा बाईच हिशेब चोख पाठवते, असं त्याने स्वतः लिहिलंय. हिशेब बाईचा, नाव पोराचं.

मेरी कॅथरीनने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची सगळी वर्षं अंक काढला. कागद मिळेना तेव्हा जुन्या चिंध्या मागवल्या, कारण त्या वेळी कागद चिंध्यांचाच बनायचा. वर्गणी रोख देता येत नसेल तर पीठ, लोणी, मांस, मेण, काय असेल ते चालेल म्हणाली. (तुझा वर्गणीदार तुला ज्वारीचं पोतं देतो ते तू मला लाजत लाजत लिहिलंयस. लाजू नकोस, वहीत मांड.) १७७५ मध्येच ती बाल्टिमोरची पोस्टमास्तर झाली. हा नुसता मान नव्हता. बातम्या यायच्या त्याच टपालाने, बाहेरगावची वर्तमानपत्रं यायची ती त्याच थैलीतून. बातमी जिथे उतरते तिथेच संपादक बसलेली.

१७७६ मध्ये छापलेल्या मजकुरावरून एकाने तिला धमकावलं, घाणेरडं बोलला. तिने शहराच्या समितीकडे रीतसर तक्रार गुदरली. तू मागच्या महिन्यातल्या त्या फोनबद्दल नुसतं मैत्रिणीला सांगितलंस. लेखी दे.

आता मुख्य गोष्ट. ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा फिलाडेल्फियात पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यावर काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचा, अध्यक्ष हँकॉक आणि सचिव थॉमसन, एवढीच दोन नावं होती. पुढे सह्या झाल्या, पण सह्या करणाऱ्यांची यादी अनेक महिने बाहेर आली नाही. राजाच्या लेखी तो राजद्रोह, शिक्षा फाशीची. डिसेंबरात इंग्रज फौजा फिलाडेल्फियाच्या जवळ आल्या तशी काँग्रेस उठून बाल्टिमोरला आली. मग ट्रेंटन आणि प्रिन्स्टनच्या लढाया वॉशिंग्टनने जिंकल्या, सगळ्यांना जरा धीर आला, आणि १८ जानेवारी १७७७ ला ठराव झाला की जाहीरनामा सह्यांच्या नावांसकट छापून प्रत्येक राज्याला पाठवायचा. काम आलं मेरी कॅथरीनकडे.

तिने ती सगळी नावं जुळवली. एक टॉमस मॅकीनचं तेवढं नाही, बहुधा त्याची सही तोवर झालीच नव्हती. आणि तळाशी, जिथे ती एरवी एम. के. लिहायची, तिथे पूर्ण ओळ घातली: बाल्टिमोर, मेरीलँड, मुद्रक मेरी कॅथरीन गोडार्ड.

का घातली ते तिने कुठे लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. पण मी मुद्रितं तपासलीयत, मला एक ठाऊक आहे. हातातल्या खिळे जुळवायच्या दांडीत एम, के आणि दोन टिंबं लावायची सवय झालेली बोटं चुकून अठरा-वीस खिळे लावत नाहीत. वरच्या माणसांनी फाशीचा धोका पत्करून नाव दिलंय, आपण तळाशी आद्याक्षरांआड बसायचं नाही, असं तिला वाटलं असावं. हा माझा अंदाज, माझ्याच माथी.

पाचच आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, इंग्रजांच्या तहाच्या अटींची उपरोधाने वाहवा करणारा टोपणनावाचा मजकूर तिच्या पत्रात आला. गावातल्या कडव्या देशभक्तांच्या क्लबला उपरोध समजला नाही. लेखकाचं नाव द्या म्हणून ते हटून बसले. गोडार्डांनी दिलं नाही. विल्यमला शहर सोडून जा म्हणून फर्मावलं गेलं, तो विधानसभेकडे गेला आणि तिथे त्याचं म्हणणं मान्य झालं. मजकूर होता सॅम्युअल चेसचा. म्हणजे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच एक! ज्याचं नाव जानेवारीत त्या छापखान्याने जगजाहीर केलं, त्याचंच फेब्रुवारीत झाकून ठेवलं. संपादकाला दोन्ही यावं लागतं. तुझ्या टँकरवाल्या बातमीत तू त्या ग्रामसेवकाचं नाव झाकलंस ते बरोबर केलंस, आणि त्यासाठीच तुझं स्वतःचं नाव खाली हवं. उद्या कोणी विचारायला आलं तर सामोरं कोण जाणार? वीस दिवस गावी नसलेला भाऊ?

इथवर तुला उत्साह आला असेल. आता जरा सावकाश वाच.

ओळीत जवळजवळ नऊ वर्षं नाव होतं. १७८४ च्या जानेवारीत ते निघालं, विल्यमचं परत आलं. त्या सुमारास तिने भावावर पाच दावे लावले. पुढे दोघांनी एकमेकांशी स्पर्धा करत पंचांगवजा वार्षिकं काढली आणि विल्यमने आपल्यात बहिणीला छापील शिव्या घातल्या. म्हणजे बघ, ओळीतलं नाव आणि मालकी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरातला धंदा म्हणून कागद केले नसले की भांडण कोर्टात जातं, आणि गेल्यावर घरही राहत नाही. मीही हे भोगलंय. एका दिवाळी अंकाचं सगळं काम तीन वर्षं मी केलं, नाव दुसऱ्याचं, आणि चौथ्या वर्षी मला अंकसुद्धा भेट आला नाही. माझ्याकडे एक चिठ्ठी नव्हती दाखवायला.

मग पोस्टाचं. चौदा वर्षं नोकरी झाली. कागदी चलन कवडीमोल झालं होतं त्या काळात टपाल नेणाऱ्या स्वारांना तिने पदरची खरी नाणी मोजली होती. १७८९ मध्ये नवे पोस्टमास्तर जनरल ऑसगुड आले आणि तिला काढलं. कारण काय, तर आता ह्या पदावर फिरती जास्त राहील, बाईला जमणार नाही. बाल्टिमोरच्या दोनशेहून अधिक लोकांनी तिच्यासाठी अर्जावर सह्या केल्या. तिने थेट राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना लिहिलं. अशा नेमणुकांत मी हात घालत नाही, असं त्यांचं उत्तर जानेवारी १७९० मध्ये आलं. ‘मेरीलँड जर्नल’च्या पहिल्याच अंकात ह्या गृहस्थांची जमिनीची जाहिरात होती, हे मला उगीचच आठवतं. सिनेटकडेही अर्ज केला. पद मिळालं नाही. ती पुस्तकांचं दुकान चालवत राहिली आणि १८१६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारली.

तिला देव्हाऱ्यात बसवू नकोस. त्या पत्रात पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती छापल्या जायच्या आणि तिच्या घरी बेलिंडा नावाची गुलाम स्त्री होती. मृत्युपत्रात तिने बेलिंडाला मोकळं केलं आणि आपली सगळी मालमत्ता तिच्या नावे केली. जिवंतपणी का नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि मला त्याचं बचावाचं उत्तर देता येत नाही.

तुला करायचं ते असं. भाऊ आला की त्याच्यासमोर जेवताना विषय काढू नकोस, कचेरीत बसून काढ. मालक तोच राहू दे, पण संपादक म्हणून तुझं नाव नोंदणीच्या कागदांवरही बदलून घे, नुसतं पानावर नको. पूर्ण नाव, आडनावासकट. पगार किती, नफ्यात वाटा किती, हे एका कागदावर उतरवून दोघांनी सही करा. आणि तुझ्या खिशातून गेलेल्या प्रत्येक पैशाची वही ठेव, छपाईचे उसने दिलेले आठ हजारही त्यात घाल. तो रागावेल. रागावू दे, भाऊच आहे.

पुढचा अंक निघाला की पाठव. आणि हो, गेल्या अंकात तिसऱ्या पानावर जाहीर नोटिशीतला गट नंबर वर एक आणि खाली एक असा दोन तऱ्हेने छापलाय. वकिलाचा फोन यायच्या आत दुरुस्ती टाक.

तुझी,
ताई