ग्रीन गाठावे की अलीकडे थांबावे?

गोल्फविषयी गेल्या काही दिवसांत आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच निर्णयाकडे आहे: लांबून थेट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या भागावर, चेंडू टाकण्याचा प्रयत्न करावा, की मधल्या सुरक्षित जागी थांबून, म्हणजे ले-अप करून, पुढच्या फटक्याने ग्रीन गाठावे. त्यांतील चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझा हँडिकॅप १६ आहे, म्हणजे मी मध्यम दर्जाचा हौशी खेळाडू आहे. एका पार-५ होलवर, म्हणजे जिथे पाच फटके अपेक्षित असतात तिथे, चांगला ड्राइव्ह (पहिला लांब फटका) बसला की ग्रीनपर्यंत साधारण २१० यार्ड उरतात आणि ग्रीनच्या लगेच अलीकडे पाणी आहे. थ्री-वुड (लांब पल्ल्याचा क्लब, म्हणजे काठी) नीट लागला तर चेंडू पाणी ओलांडतो, हे मी अनेकदा केले आहे. तरीही सोबतचे खेळाडू दर वेळी मला अलीकडे थांबायला सांगतात. हा निर्णय ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडावा, की त्यासाठी काही हिशेब आहे?

उत्तर : हिशेब आहे, आणि तो फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, उभे असताना मनातल्या मनात करता येण्याइतका सोपा आहे. आपण ज्याचे वर्णन केले आहे तो आपला उत्तम फटका आहे. निर्णय मात्र त्या क्लबने आपल्याकडून बसणाऱ्या सगळ्या फटक्यांकडे पाहून घ्यायला हवा. चेंडूच्या वरच्या भागावर पातळ लागलेले, चेंडूआधी जमिनीत आदळलेले आणि हवेत उजवीकडे वळत गेलेले फटकेही त्यात मोजले गेले पाहिजेत.

आधी चुकीची किंमत ठरवू. ले-अप केल्यावर आपण तिसरा फटका, समजा, ८० यार्डांवरून खेळता. थ्री-वुडने मारलेला चेंडू पाण्यात गेला तर दंडाचा एक फटका धरून पुढचा फटका चौथा ठरतो. चेंडूने दंडक्षेत्राची (खुणा केलेल्या पाण्याच्या भागाची) सीमा शेवटी जिथे ओलांडली तो बिंदू आणि होल यांना जोडणाऱ्या रेषेवर हवे तितके मागे येऊन चेंडू ड्रॉप करण्याची, म्हणजे हातातून खाली सोडण्याची, मुभा नियमांत असल्यामुळे, हा चौथा फटकाही आपल्याला बहुधा त्याच ८० यार्डांवरून खेळता येतो. याचा अर्थ असा की, पाण्यात गेलेला चेंडू ले-अपच्या तुलनेत आपला एकच फटका घेतो. ग्रीनच्या बाजूला पाण्याऐवजी कोर्सची हद्द असेल, तर मात्र स्थिती फार वेगळी होते. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूसाठी दंड घेऊन मूळ जागेवरूनच पुन्हा खेळावे लागते. तेव्हा आपला चौथा फटका २१० यार्डांवरून असतो, आणि त्या वेळी ले-अप केला तर ८० यार्डांवरून पाचवा. म्हणजे नुकसान दोन फटक्यांचे. लाल-पिवळ्या खुणांचे पाणी आणि हद्दीचे पांढरे खांब यांना बरेच खेळाडू सारखेच घाबरतात, ते मला चुकीचे वाटते.

आता लाभ पाहू. उदाहरणासाठी काही आकडे धरतो. त्यांच्या जागी आपण स्वतःच्या नोंदी घालाव्यात. ८० यार्डांवरून होल संपवायला आपल्याला सरासरी ३.३ फटके लागतात असे समजू. म्हणजे ले-अपचा एक आणि पुढचे ३.३ मिळून ४.३, दहा वेळा ले-अप केल्यास ४३ फटके. दुसरीकडे, थ्री-वुडच्या दहा प्रयत्नांपैकी तीन चेंडू ग्रीनवर थांबले आणि प्रत्येक वेळी त्या फटक्यासह ३.२ फटके लागले, तीन ग्रीनच्या आसपास रफमध्ये (वाढलेल्या गवतात) किंवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) राहिले आणि प्रत्येकी ४ फटके लागले, आणि चार पाण्यात जाऊन प्रत्येकी ५.३ फटके लागले, तर एकूण ४२.८ फटके होतात. दोन्ही मार्ग जवळजवळ सारखेच ठरले, आणि तेही दहापैकी चार चेंडू पाण्यात घालवून! पाण्यात दोनच चेंडू जात असतील आणि पाच ग्रीनच्या आसपास राहत असतील, तर बेरीज ४०.२ वर येते आणि दर वेळी अलीकडे थांबणे हे आपले नुकसान ठरते. उलट सहा चेंडू पाण्यात, दोन ग्रीनवर आणि दोन आसपास, अशी विभागणी असेल तर बेरीज ४६.२ होते, तेव्हा आपले सोबती बरोबर आहेत. हेच चार चेंडू पाण्याऐवजी हद्दीबाहेर जात असते, तर ४२.८ ऐवजी ४६.८ फटके लागले असते. आणि वाटेत पाणी किंवा हद्द यांपैकी काहीच नसेल, फक्त साधे रफ आणि ग्रीनलगतचे बंकर असतील, तर प्रयत्न करण्यातच बहुतेक वेळा हित आहे, कारण चुकलेला चेंडूदेखील ग्रीनच्या जवळ पोहोचलेला असतो.

म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो की आपल्या दहा चेंडूंपैकी किती पाण्यात जातात. याचे उत्तर आठवणीतून काढू नये, कारण आठवणीत चांगले फटकेच जास्त राहतात. सरावाच्या मैदानावर शक्यतो गवतावरून वीस चेंडू मारावेत आणि प्रत्येकाने हवेत किती अंतर कापले, म्हणजे त्याची कॅरी किती होती, ते लिहून ठेवावे. एकही वगळू नये. चटईवर क्लब आधी आदळला तरी तो घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच चेंडू पाण्यात जातो. ध्वजापर्यंत २१० यार्ड असले तरी पाण्याचा पलीकडचा काठ ओलांडायला किती कॅरी लागते, हे वेगळे मोजावे. अनेकदा तो आकडा ध्वजाच्या अंतरापेक्षा बराच कमी निघतो आणि भीती थोडी ओसरते.

नोंदवहीतली ही शक्यता सपाट फेअरवेवर नीट बसलेल्या चेंडूची आहे, हे मात्र विसरू नये. उताराच्या दिशेने खेळताना क्लबचा प्रभावी लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, कमी होतो आणि चेंडू खालून जातो. चेंडू रफमध्ये अर्धा बुडाला असेल तर थ्री-वुडचा तळ गवतात अडकतो. समोरून वारा असेल तर कॅरी घटते आणि बाजूचे वळणही वाढते. यांपैकी एक जरी गोष्ट प्रतिकूल असली तर दहापैकी चारचे सहा व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी मी स्वतः ले-अपच सुचवीन, आणि तोही अर्ध्या मनाने नव्हे, तर नेमकी जागा निवडून.

प्रश्न : माझे प्रशिक्षक सांगतात की ले-अप करायचा तर १०० यार्डांवर थांबावे, म्हणजे वेजचा (जवळच्या उंच फटक्यांसाठीच्या क्लबचा) पूर्ण फटका मारता येतो. मला मात्र शक्य तितके ग्रीनच्या जवळ जावेसे वाटते. कोणते योग्य?

उत्तर : इतर काही अडचण नसेल तर जवळ जाणे योग्य. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतील फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास करून कोणत्या अंतरावरून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात, हे मांडले आहे. त्या आकडेवारीत फेअरवेवरून १०० यार्डांवर सरासरी २.८० फटके लागतात, ६० यार्डांवर २.७० आणि ४० यार्डांवर २.६०. जगातील उत्तम खेळाडूंनाही पूर्ण वेजपेक्षा जवळचा अर्धा फटका अधिक लाभाचा ठरतो. ४० यार्डांवर रफमधून लागणारे फटके २.७८ आहेत, म्हणजे १०० यार्डांवरच्या फेअरवेइतकेच. म्हणून थोडे जवळ जाताना चेंडू रफच्या कडेला गेला तरी फार बिघडत नाही. बिघडते ते ६० यार्डांवरच्या बंकरमध्ये गेल्यावर; तिथे हाच आकडा ३.१५ होतो. जवळ जायचे, पण बंकर आणि पाणी टाळून, असा याचा अर्थ.

प्रशिक्षकांचे म्हणणे दोन परिस्थितींत मात्र मान्य करावे. आपले अर्धे फटके अजून बसलेले नसतील, तर ते बसेपर्यंत पूर्ण फटक्याचे अंतर ठेवणे शहाणपणाचे आहे. तसेच ध्वज पाण्याच्या अगदी लगत असेल आणि ग्रीन कठीण असेल, तर चेंडूला फिरकी देऊन थांबवण्यासाठी पूर्ण वेज उपयोगी पडते.

ले-अपच्या सामर्थ्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे २००७ ची मास्टर्स स्पर्धा. झॅक जॉन्सन यांनी चारही दिवसांत मिळून सोळा पार-५ होलांवर एकदाही दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याचा प्रयत्न केला नाही. तरीही त्या होलांवर ते पारपेक्षा ११ फटके कमी खेळले आणि स्पर्धा जिंकले. पण त्यामागे त्यांची असामान्य वेज होती, हे ध्यानात घ्यावे. २०२५ च्या मास्टर्समध्ये अखेरच्या दिवशी रोरी मॅकिलरॉय यांनी तेराव्या होलवर दुसऱ्या फटक्यात ले-अप केला, आणि त्यानंतर १०० यार्डांहून कमी अंतरावरून मारलेला वेजचा चेंडू पाण्यात गेला. होलवर त्यांना सात फटके लागले. पंधराव्या होलवर त्यांनी २०० यार्डांहून अधिक अंतरावरून सेव्हन-आयर्नने, झाडांना वळसा देत, थेट ग्रीन गाठले आणि बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, मिळवली. शेवटी बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये जस्टिन रोझ यांच्यावर मात करून ते विजेते झाले. ले-अप केला म्हणजे धोका संपला असे नसते; पाणी अजून समोरच असते.

प्रश्न : स्पर्धेतील स्थिती पाहून हा निर्णय बदलावा का? की सरासरीचा हिशेब नेहमी सारखाच धरावा?

उत्तर : फेरीच्या बहुतांश काळात सरासरीच धरावी. शेवटच्या काही होलांवर मात्र सरासरीपेक्षा आपल्याला नेमके काय हवे आहे, हे महत्त्वाचे ठरते. १९९३ च्या मास्टर्समध्ये चिप बेक अखेरच्या दिवशी बर्नहार्ड लँगर यांच्या तीन फटके मागे असताना पंधराव्या होलवर अलीकडे थांबले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तीन फटके मागे असलेल्या खेळाडूला धोका घेण्याचे कारण होते, असे मलाही वाटते. याउलट १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीच्या अठराव्या होलवर ज्याँ व्हान द वेल्द यांना विजयासाठी सहा फटके पुरेसे होते. ड्राइव्ह उजवीकडे दूर गेल्यावरही त्यांनी पाण्यापलीकडचे ग्रीन गाठण्यासाठी टू-आयर्न वापरला. चेंडू प्रेक्षकांच्या गॅलरीवर आदळून दाट रफमध्ये आला, पुढचा फटका ओढ्यात गेला, आणि सात फटक्यांसह त्यांना प्लेऑफमध्ये जावे लागले, जो पॉल लॉरी यांनी जिंकला. ग्रीन दुसऱ्या फटक्यात गाठण्याची त्यांना गरजच नव्हती.

मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलागणिक जय-पराजय मोजणाऱ्या सामन्यात, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आधी पाहावा. तो पाण्यात असेल तर आपण धोका घेण्याचे कारण उरत नाही. तो ग्रीनवर असेल तर पाण्यात गेल्याने जाणार फक्त एक होल, जो बहुधा तसाही गेला असता. स्टेबलफोर्ड या प्रत्येक होलवर गुण देणाऱ्या प्रकारात हँडिकॅप धरून पारपेक्षा दोन फटके जास्त लागले की गुण शून्य होतात आणि त्याहून खाली जात नाहीत, त्यामुळे एकूण फटके मोजणाऱ्या स्ट्रोक प्लेपेक्षा तिथे थोडे अधिक धाडस परवडते.

प्रश्न : १५० यार्डांवर असताना ध्वज ग्रीनच्या उजव्या कडेला, बंकरच्या लगेच मागे असेल, तर थेट ध्वजावर नेम धरावा का?

उत्तर : नाही. पीजीए टूरवरील खेळाडूंचे चेंडूही या अंतरावरून होलपासून सरासरी वीस फुटांहून अधिक दूर थांबतात, आणि त्यांनाही आठ फुटांवरचे पटिंग (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालणे) निम्म्याच वेळा साधते. आपला फटका उजवीकडे गेला तर बंकरमधून, समोर थोडेसेच ग्रीन असताना खेळावे लागेल. ग्रीनच्या मध्यावर नेम धरावा, आणि थोडा पातळ लागलेला चेंडूही बंकर ओलांडेल असा, म्हणजे नेहमीपेक्षा एक क्रमांक लांबचा, क्लब घ्यावा.