लोकांची भांडणं सोडवायची नोकरी?

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. आम्ही गडहिंग्लजचे, माझं किराणा दुकान आहे. तिला एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी काम करायचं आहे. मी म्हणतो बी.एड. कर. नवरा-बायकोची समजूत वडीलधारी माणसं पिढ्यान् पिढ्या घालत आली आहेत, त्याला पदवी कशाला? पगार काय, धोका किती, आणि अशा कामातल्या मुलीला स्थळं कशी येणार?

नमस्कार,

पदवी कशाला, इथूनच सुरू करते. वडीलधारी माणसं बैठकीला बसतात तेव्हा निकाल आधीच ठरलेला असतो: पोरीने परत नांदायला जायचं. चार शब्द त्याला, चार हिला, चहा, आणि गाडी सासरच्या वाटेला. तुमच्या मुलीला जे काम करायचं आहे त्यात असा निकाल ठरवून बसता येत नाही. परत जायचं, वेगळं राहायचं की कोर्टात जायचं, हे ती बाई ठरवते. तिला ते जीव सांभाळून, माहिती घेऊन ठरवता यावं, एवढं कार्यकर्तीने बघायचं.

यातला फरक कायद्यातही आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 चा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं, तर छळ केल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्याला आधीच बजावावं लागतं की झाल्या हिंसेचं समर्थन इथे चालणार नाही. ‘उलट बोलली म्हणून हात उचलला’ यावर गावच्या बैठकीत माना डोलतात. इथे ते वाक्य तिथेच थांबवायचं असतं, तेही आवाज न चढवता. हे शिकावं लागतं.

बहुतेक बायका येऊन म्हणतात, ‘मला घर मोडायचं नाही, फक्त मार थांबू दे.’ हे ऐकून नवशिक्या मुली गोंधळतात. त्यांना वाटलेलं असतं की आपण बाईला सोडवणार. पण मग कामाचा खरा भाग सुरू होतो. तिच्याशी एकटीशी बोलायचं, सासू किंवा भाऊ शेजारी बसलेला नको. तिला फोन कधी केलेला चालेल, तो कोण उचलतं, हे आधी विचारायचं. रात्री निघावं लागलं तर कुणाकडे जाईल? आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले कुठे आहेत? बाई घर सोडते किंवा सोडायचं ठरवते तेव्हा धोका पुष्कळदा वाढतो, म्हणून हा सुरक्षेचा आराखडा कागदावर उतरवायचा. घटनेचा अहवाल लिहायचा तर तारखा, जखमा, साक्षीदार आणि तिचेच शब्द हवेत. अहवाल ढिसाळ असला की कोर्टात त्याची चिरफाड होते.

शिवाय हक्क माहीत हवेत. घर नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्याच्या आहे, म्हणून बाहेर हो असं सांगितलं जातं. सामायिक घर, म्हणजे ती जिथे नांदत होती ते घर, सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. मूळ कायदा 37 कलमांचा आहे. लेकीला तो आत्ताच वाचायला सांगा. कंटाळा आला तर तेही वेळेवर कळलेलं बरं.

घरातली गोष्ट घरात राहावी, असंही तुमचं म्हणणं असेल. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1919 सालीच कायदा केला होता. तेव्हा ही काही पुण्या-मुंबईहून आलेली टूम नाही.

आता पैसा. इथे मी गोड बोलणार नाही. सखी वन स्टॉप सेंटर (छळ झालेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र), समुपदेशन केंद्रं, संस्था यांतल्या बहुतेक जागा कंत्राटी, मानधनावरच्या. मानधन बेताचं असतं आणि अनुदान अडकलं की तेही उशिरा मिळतं. कायम नोकरी हवी असेल तर महिला व बालविकास विभागाची संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बाईला मदत करणारा अधिकारी), परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) ही पदं आहेत. भरती परीक्षेतून होते आणि जाहिरातीची वाट पाहावी लागते. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, त्यासाठी पदवीबरोबर अनुभवही लागतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यात पसरला. तिथेही प्रशिक्षित समाजकार्यकर्ते लागतात. एमएसडब्ल्यू कोल्हापुरातच ‘सायबर’ या शिक्षणसंस्थेत होतं. क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, कुठे पाठवतात, हे मात्र प्रवेशाआधी विचारून घ्या. अर्धं शिक्षण तिथेच आहे. आणि बी.एड. करूनही शिक्षकभरतीची वाट बघावीच लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

धोका आहे. चिडलेला नवरा ऑफिसात येऊन आरडाओरडा करतो. सखी केंद्र चोवीस तास चालतं, म्हणजे रात्रपाळी आली. गृहभेटीला एकटीने जायचं नाही, स्वतःचा नंबर आणि पत्ता द्यायचा नाही, हे पाळायचंच. मला जास्त काळजी वाटते ती रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून आतून थकण्याची. सहा महिने खपून जिला उभं केलं ती बाई एक दिवस सांगते, ‘मॅडम, मी परत चालले.’ म्हणून मुलाखतीत तिने जरूर विचारावं: दर आठवड्याला केसवर चर्चा करायला अनुभवी वरिष्ठ आहेत का? नसतील तर पहिली नोकरी तिथे नको.

तिची एक जमेची बाजू तुमच्या लक्षात आली नसेल. गडहिंग्लजची आहे, म्हणजे थोडंफार कन्नड कानावर असणारच. सीमेलगतच्या गावांतली बाई रडताना आपल्या भाषेत बोलते. इचलकरंजीत यंत्रमागावर बाहेरून आलेली कुटुंबं आहेत, तिथे हिंदी लागते. तिने कन्नड पक्कं करावं.

स्थळांचा प्रश्न माझ्या खात्यातला नाही. तरी, सुनेला हा कायदा माहीत आहे म्हणून जे घर नकार देईल, त्या घराची चौकशी तुमची फुकटात झाली असं समजा.

पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंय की तिची चुलत बहीण मारहाणीमुळे माहेरी आली आहे आणि तेव्हापासून हिने हे मनात घेतलं. ती केस तुमच्या लेकीने हाताळू नये, शिकल्यावरही नाही. नात्यातली केस सहकाऱ्याकडे द्यावी लागते. बहिणीने 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा किंवा संरक्षण अधिकाऱ्यांना भेटावं. वकिलाचा खर्च अडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिच्यासोबत तुम्ही स्वतः गेलात तर बरं.