आरसीवर नाव तिसऱ्याचेच, तर जुना ट्रेलर घ्यावा का?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. सासूबाई एक्याऐंशीच्या. त्यांना घेऊन गाडीने नर्मदा परिक्रमा करायचे मनात आहे, पण धर्मशाळेतली न्हाणीघरे आता त्यांना झेपत नाहीत. म्हणून आमच्या एसयूव्हीमागे जोडता येईल असा, आत झोपायची सोय, छोटा ओटा आणि शौचालय असलेला जुना कॅरव्हॅन ट्रेलर शोधला. पुण्याजवळ एका गृहस्थांच्या आवारात असे तीन-चार ट्रेलर विकायला उभे आहेत. ६ लाख ४० हजारांना बोलणी झाली, ५० हजार बयाणा यूपीआयने पाठवला. मग आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, फोटो आला. त्यावर नाव तिसऱ्याच कोणाचे, आणि खाली फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा. ते म्हणतात, "नोटरी करून देतो, ट्रेलरचे पासिंग कोणी विचारत नाही. आठ दिवसांत बाकीचे टाका, नाहीतर बयाणा गेला." काय करावे? आणि जुना ट्रेलर चांगला की वाईट, हे ओळखायचे कसे?

उत्तर : ताई, बाकीचे पैसे आत्ता टाकू नका, आणि बयाणा गेला असे समजून रात्रीची झोपही घालवू नका. विकत घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर बयाणा जप्त होऊ शकतो, हे खरे. पण माल आपला आहे आणि तो विकायचा आपल्याला हक्क आहे, ही हमी १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक विक्रेत्याने दिलेलीच असते, बोलून दाखवलेली असो वा नसो. ती हमी पुरी करता येत नसेल, तर मोडता त्यांच्याकडून आलेला आहे. "आधी हक्काचे कागद दाखवा, मग पैसे" म्हणणे ही माघार नव्हे.

तुमच्या पत्रातले सगळ्यात कामाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात : आवारात तीन-चार ट्रेलर विकायला उभे आहेत. म्हणजे हे गृहस्थ स्वतःची एक गाडी काढून टाकणारे नाहीत, जुन्या गाड्यांचा धंदा करणारे आहेत. अशा व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये नवी तरतूद आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. नोंदणी झालेल्या जुन्या गाड्या विकणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, ते फॉर्म २९ बी. मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना पोर्टलवर नोंदवायची, ती फॉर्म २९ सी. ही सूचना नोंदली गेली की व्यापारी त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक धरला जाणारा, ठरतो आणि एनओसी (ना हरकत दाखला), मालकी बदल यांचे अर्ज स्वतः करू शकतो. तेव्हा आरसीवर तिसऱ्याचे नाव आहे एवढ्यावरून व्यवहार खोटा ठरत नाही. त्यांच्याकडे दोनच कागद मागा, २९ बी आणि २९ सी. ते असतील तर पुढे बोलू. नसतील तर मूळ मालकाने स्वतः समोर येऊन मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या पाहिजेत, आणि त्याचे ओळखपत्र तुम्ही आरसीशी ताडून पाहिले पाहिजे.

नोटरीचे म्हणाल, तर मला त्या शब्दाचीच धास्ती वाटते. शंभराच्या स्टॅम्पवर करारनामा झाला, म्हणजे गाडी आपली झाली, असे मानणारी सुशिक्षित माणसे मी रोज पाहतो. नोटरी फक्त सही कोणाची हे सांगते. आरटीओच्या दप्तरात नाव बदलत नाही तोवर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले : अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार. तुमच्या बाजूने याचा अर्थ असा, की ट्रेलर मानपूरच्या घाटात उलटला तर नुकसानीचा दावा करायला पॉलिसीवर तुमचे नाव हवे. मालकी बदलली की तिसऱ्या व्यक्तीपुरते विम्याचे संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे येत नाही, हे १९९६ पासून ठरलेले आहे. त्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर घ्यावी लागते.

"ट्रेलरचे पासिंग कोणी विचारत नाही" हे साफ चूक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतच 'मोटार वाहन' म्हणजे ट्रेलरसुद्धा. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, स्वतंत्र नंबर असतो. कलम ६१ तर आणखी पुढे जाते : ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर हवा, आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबर हवा. परिक्रमेत बडवानीनंतर तुम्हाला महाराष्ट्र लागणार, पुढे गुजरात लागणार. प्रत्येक राज्याचा पोलीस हा लांबलचक पांढरा डबा पाहून थांबवणारच, कारण आपल्या रस्त्यांवर असली वस्तू रोज दिसत नाही. एक्याऐंशी वर्षांच्या बाईंना घेऊन भर उन्हात रस्त्याच्या कडेला कागदांचा वाद घालायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी मी हे ताणून सांगतो आहे.

आरसीवर आणखी एक गोष्ट बघा, ती बहुतेक लोक बघत नाहीत. 'बॉडी टाइप' या रकान्यात काय लिहिले आहे? काही ठिकाणी मालवाहू उघडा ट्रेलर घेऊन त्यावर पत्र्याचा किंवा फायबरचा डबा चढवतात, आत पलंग टाकतात आणि कॅरव्हॅन म्हणून विकतात. आरसीवर मात्र उघडा मालवाहूच. कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात ते पक्के केले आहे. असा ट्रेलर आतून कितीही देखणा असला तरी घेऊ नका. त्याचा मालकी बदलही अडेल आणि दावाही.

बोजाचे सोपे आहे. फायनान्स कंपनीचे कर्ज फिटल्याचे पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, दोन्ही मूळ प्रती. पत्रातला कर्ज क्रमांक घेऊन स्वतः कंपनीला फोन करून खात्री करा, विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर नव्हे. बोजा उतरल्याशिवाय किंवा फायनान्स कंपनीने लेखी संमती दिल्याशिवाय पुण्याकडचे आरटीओ दुसऱ्या राज्यासाठी एनओसी, म्हणजे फॉर्म २८, देणार नाही. एनओसीशिवाय इंदूरला नायता मुंडल्याच्या आरटीओत तुमचा अर्ज उभाच राहणार नाही. ट्रेलरवर जुने चलान किंवा कर थकलेला असेल तर तोही इथेच आडवा येतो. चोरीचा नाही ना, हे एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद कार्यालयाच्या, वाहन समन्वय पोर्टलवर चेसिस नंबर टाकून बघता येते.

आता पारखायचे कसे. यात मी मेकॅनिक नाही, पण असे व्यवहार कोर्टात कुठे फसतात ते मला ठाऊक आहे, आणि तिथूनच सांगतो. कायद्याचा जुना दंडक आहे की घेणाऱ्याने बघून घ्यावे. माल विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये याला दोन अपवाद आहेत. व्यापाऱ्याला तुम्ही माल कशासाठी हवा हे सांगितलेत आणि त्याच्या जाणकारीवर विसंबलात, तर माल त्या कामाचा असण्याची जबाबदारी त्याची. म्हणून आजच त्यांना व्हॉट्सअॅपवर लिहा : "अमुक मॉडेलच्या गाडीमागे जोडून, तीन माणसांसह, परिक्रमेला वापरायचा आहे, आमच्या गाडीला आणि या रस्त्याला हा चालेल ना?" त्यांचे 'हो' हा तुमचा पुरावा. दुसरा अपवाद, वर्णनावरून व्यापाऱ्याकडून घेतलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे हा, कधी उलटा चावतो. तुम्ही ट्रेलर तपासला असेल, तर नीट तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. अर्धवट तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट. फोटोवर भुलू नका. दोघे पुण्याला जा, सोबत ट्रेलरचे काम करणारा मिस्त्री न्या.

चेसिस नंबरपासून सुरुवात करा. तो सांगाड्यावर ठोकलेला असतो. आकडे उजेडात वाचा, आजूबाजूला नवे वेल्डिंग किंवा ताजा रंग आहे का बघा, आणि कागद ठेवून पेन्सिलने चेसिस प्रिंट घ्या. ती आरसीशी अक्षर न अक्षर जुळली पाहिजे.

मग पाणी. या गाड्या पाण्याने मरतात. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीतून पाणी आत झिरपते आणि भिंतीतली प्लाय आतल्या आत कुजते, वर सनमायका जसाच्या तसा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबा. पलंगाखालचे फळकूट उचलून शौचालयालगतची जमीन दाबा. भिंत नरम लागली, फुगली, किंवा कपाट उघडल्यावर कुबट वास आला, तर तिथेच थांबा. शक्य असेल तर छतावर अर्धा तास पाइपने पाणी मारायला सांगा आणि आत बसून बघा. खराखुरा विक्रेता याला नाही म्हणत नाही.

टायरची नक्षी शाबूत असली तरी त्यांचे वय बघा, कारण उभे ट्रेलर टायर झिजवत नाहीत, वाळवतात. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. चाक जॅकवर उचलून फिरवा, बेअरिंग कुरकुरते का ऐका. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, आणि तुमच्या गाडीशी जोडून मागचे दिवे, इंडिकेटर लागतात का, हे करून बघा. बिजासनचा उतार नुसत्या गाडीच्या ब्रेकवर उतरायचा नाही. वजनाचा हिशोब आरसीवरच्या एकूण वजनाने करा, रिकाम्या वजनाने नव्हे. टाकीत १०० लिटर पाणी भरले की १०० किलो वाढले. तुमच्या गाडीची ओढण्याची क्षमता तिच्या पुस्तिकेत नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या.

सासूबाईंबद्दल एक विचारतो. वाटेत त्यांना ट्रेलरमध्ये पडू द्यायचा तुमचा बेत आहे का? असेल तर तो सोडा. ओढला जाणारा ट्रेलर हे मुक्कामाचे घर आहे, चालता डबा नव्हे. आत पट्टा नाही, तुम्हाला आवाज द्यायची सोय नाही, आणि ज्या आरसीवर आसनसंख्याच नाही त्या गाडीत माणूस बसवला तर विमा कंपनीला हात वर करायला आयते कारण मिळते. प्रवासात आडवे पडणे त्यांना गरजेचेच असेल, तर इंजिनासकट येणारी, आसनसंख्या आणि पट्टे असलेली मोटर कॅरव्हॅन बघा. पैसे जास्त जातील, पण तुमची गरज तीच असेल तर हा ट्रेलर स्वस्तात मिळूनही उपयोगाचा नाही.

सगळे जुळले, तर बाकीची रक्कम दोन टप्प्यांत द्या : मोठा भाग एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावर, थोडा भाग इंदूरला नाव चढेपर्यंत राखून. करारात हेच लिहा, आणि एनओसी ठरलेल्या मुदतीत न आल्यास बयाणा परत, असे स्पष्ट वाक्य घाला. मालकी बदलाची सूचना घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. इंदूरला नव्याने कर भरावा लागेल. त्याचा आकडा अर्ज करण्याआधी आरटीओत विचारून तुमच्या बजेटमध्ये धरा.

जुळले नाही, तर स्पीड पोस्टाने नोटीस द्या : पंधरा दिवसांत २९ बी, २९ सी, बोजा उतरल्याचे पत्र दाखवा किंवा ५० हजार परत करा. यूपीआयचा तपशील आणि सगळे मेसेज ठेवा, आणि तो फोन बदलू नका, कारण डिजिटल पुराव्याला २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. उत्तर आले नाही तर पुण्याला खेटे घालायची गरज नाही. विक्रेता व्यापारी आहे, तुम्ही घरगुती वापरासाठी घेत आहात, तेव्हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. प्रत्यक्ष दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, मुदत दोन वर्षांची. मूळ मालकाला या विक्रीचा पत्ताच नव्हता असे निघाले, तर मात्र तो फसवणुकीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८. मग पोलिसांकडे जायला उशीर करू नका. मूळ मालकाचे नाव तुमच्याकडच्या आरसीच्या फोटोत आहेच. त्यांच्याशी संपर्क साधण्याची सोय विक्रेत्याकडे मागा आणि नोटीस काढण्याआधी त्यांच्याशी एकदा स्वतः बोला.