रिसायटल सहा आठवड्यांवर आलंय आणि प्रोग्रॅम सलग वाजतच नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाचं व्हायोलिन रिसायटल, म्हणजे स्टेजवरचा एकल कार्यक्रम आहे, रोज 5 तास रियाज होतो, तरी पूर्ण प्रोग्रॅम एकदाही नीट पार पडत नाही. साहजिक आहे हो, तुम्ही पीसेस बसवताय, रिसायटल नाही. मी चेलोवर हेच केलं, अवघड चार ओळी घासत बसायचं आणि विसाव्यांदा नीट आल्या की खूश. स्टेजवर विसावी वेळ नसते ना, पहिलीच असते.

म्हणून आतापासून आठवड्यातून दोनदा तरी सगळा प्रोग्रॅम सलग वाजवा, त्याच कपड्यात, त्याच बुटात, चुकलं तरी न थांबता, आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐका मात्र दुसऱ्या दिवशी, लगेच ऐकलं की सगळंच भिकार वाटतं. बाखची शाकोन (एकट्या व्हायोलिनसाठीची लांब रचना) घेतली असेल तर ती एकटीच 15 मिनिटांच्या आसपास जाते, ती शेवटी ठेवलीत तर डावा हात तोवर दमलेला असणार हे आधीच धरून चाला.

खरा त्रास बो, म्हणजे गज थरथरण्याचा. संथ मूव्हमेंट (रचनेचा एक भाग), हळू आवाजातला लांब स्वर, आणि बो तारेवर टणाटण उड्या मारायला लागतो. घरी असं होतच नाही, म्हणून कोणी याची तयारीही करत नाही. मी जिने पळत चढायचे आणि छाती धडधडत असतानाच बसून तोच स्वर लावायचे, दहा-बारा दिवसांत कळलं की श्वास रोखून बो जपून जपून ओढला की जास्तच थरथरतो. बो जरा मोकळा चालवा, वजन दंडातून येऊ द्या, अंगठा आवळू नका.

आता तारा. मी शहाणपणा करून 2 दिवस आधी ए तार बदलली. नवी तार ताणत राहते, दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये ती एवढी उतरली की मी सगळी बोटं घोडीकडे (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) सरकवून वाजवत होते आणि पियानोवाली माझ्याकडे बघतेय! तेव्हा तारा 10-14 दिवस आधीच बदला, एकेक करून, सगळ्या एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट (वाद्याच्या पोटातला छोटा लाकडी दांडा) पडू शकतो, तो नुसत्या दाबावर उभा असतो. सूर लावताना घोडी पुढे कलते तेही बघत राहा. बोचे केस बदलायचे असतील तर 2-3 आठवडे आधी, कारण नवे केस हाताला लगेच बसत नाहीत.

पियानोवाल्यांसोबत हॉलमध्ये एक तरी रिहर्सल मागून घ्याच. ट्युनिंग त्याच पियानोवरून करा, घरचं ॲप ए स्वर 440 हर्ट्झ म्हणत असेल आणि पियानो 442 वर असेल तर पियानोचंच ऐकायचं.

आणि स्पेअर ई तार व्हायोलिनच्या पेटीच्या कप्प्यात नको, विंगेतल्या खुर्चीवर ठेवा, पाकीट आधीच फोडून.