नातवाचे बोलणे आणि दोन भाषा

प्रश्न : माझा ४ वर्षांचा नातू दोन शब्दांपुढे वाक्य जोडत नाही आणि सांगितलेले अर्धवटच समजतो. घरी मराठी, गल्लीत दखनी. त्याचा हा परिणाम असेल का? – एक आजी, परभणी

उत्तर : आजी, दोन भाषा ऐकल्याने भाषाविकार होत नाही, दखनी मुळीच थांबवू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. ऐकू नीट येत असूनही समजणे आणि वाक्यरचना मागे राहत असेल, तर तो विकासात्मक भाषाविकार असू शकतो. तो साधारण १०० पैकी ७ मुलांत आढळतो आणि त्यात आईच्या संगोपनाचा दोष नसतो, हे सुनेलाही आवर्जून सांगा. ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून आता थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, त्याला दाखवून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी मागा.