गुळपोळी, पॅलाझो आणि परकराची नाडी

पत्र

माझी सून पाच वर्षे आमच्या घरात आहे. नोकरी करते, मुलाचेही नीट पाहते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गेल्या काही महिन्यांत तिने दोन नवी थेरे सुरू केली आहेत. पहिले म्हणजे गहू बंद. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून पोळी सोडली, आता रोज तिच्यापुरती वेगळी भाकरी. दुसरे म्हणजे कपडे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून आल्या आणि ही ढगळ कुर्ता व पॅलाझो घालून, तेही ओढणीशिवाय. साडी नेस म्हटले तर म्हणते, संध्याकाळी पोट फुगते, परकराची नाडी बांधवत नाही. आमच्या कमरेला नाडीचे काळे वळ आहेत, आम्ही कधी बोललो? तिथे गुळपोळीही नको म्हणाली आणि चारचौघींत माझी मान खाली गेली. मी डोळे वटारले तेव्हा एक खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कामावर रजा टाकली. आता तर सिद्धिविनायकालाही कपड्यांचा नियम आला आहे. मग आमच्या घरात निदान सणापुरता तरी नियम असावा की नाही? तिला कसे समजवावे?

— एक सासू, नाशिक

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात सोसायटी, सिद्धिविनायक, ओढणी आणि गुळपोळी या सगळ्यांना ऐसपैस जागा मिळाली आहे आणि परकराच्या नाडीला जेमतेम दोन ओळी. मला मात्र त्या दोन ओळींच्या पुढे जाताच येईना. एक तरुण बाई घरातल्या मोठ्या बाईला सांगते की संध्याकाळ झाली की माझे पोट इतके फुगते की कमरेला नाडी सोसत नाही, आणि तुम्हाला त्यात फक्त साडी टाळण्याचा बहाणा ऐकू आला. त्यानंतर भर कार्यक्रमात तुम्ही डोळे वटारलेत, तिने नको असलेली पोळी गिळली, दुसऱ्या दिवशी तिला कामावर रजा टाकावी लागली आणि त्या रजेचीही तुम्ही तिच्या नावावर तक्रार म्हणून नोंद केलीत. तुम्ही ज्यांना दोन थेरे म्हणता ती बहुधा एकाच पोटाची दोन गाऱ्हाणी आहेत.

आधी कपड्यांचे उरकून टाकते, कारण त्यात फारसा दम नाही. सिद्धिविनायक न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये जो नियम जाहीर केला, त्याचा रोख तोकडे स्कर्ट, फाटक्या जीन्स आणि अंगप्रदर्शन करणारे कपडे यांवर होता. तुमची सून ज्या वेषात हळदीकुंकवाला आली, त्याच वेषात ती प्रभादेवीच्या रांगेत उभी राहिली असती तर तिला कोणी अडवले नसते. तुळजापुरात मे २०२३ मध्ये असेच फलक लागले होते आणि नाराजी उमटताच ते त्याच दिवशी उतरवलेही गेले, म्हणजे देवस्थानांनाही याबाबत वाटते तितकी खात्री नसते. देवळात अंगभर कपडे घालून जावे, हे मलाही पटते. पण अंगप्रदर्शनाचाच हिशेब मांडायचा तर साडीत जितके पोट आणि पाठ दिसते तितके त्या ढगळ कुर्त्यात खासच दिसत नाही. तेव्हा तुमचे दुखणे मर्यादेचे नाही, सगळ्या बायका काळ्या साडीत असताना आपली सून वेगळी दिसली, याचे आहे. ते दुखणे खरे असेलही, पण त्यासाठी घरात नियम करण्याची गरज नाही.

आता तुमच्या कमरेकडे येते. ‘आम्ही कधी बोललो?’ असे तुम्ही अभिमानाने विचारले आहे. बोलला असतात तर बरे झाले असते, ताई. नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून आवळली की तिथली कातडी आधी काळवंडते, मग खाजते, सोलवटते, आणि फार क्वचित तिथल्या न भरणाऱ्या जखमेचे रूपांतर त्वचेच्या कर्करोगात होते. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन वयस्क स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. एकीची जखम परकराच्या नाडीखालची होती, दुसरीची वर्षानुवर्षे घट्ट नेसलेल्या लुगड्याच्या गाठीखालची. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, कारण असे रुग्ण विरळाच असतात आणि बहुतेक बायकांच्या कमरेवरचा वळ आयुष्यभर नुसता वळच राहतो. पण तुमच्या वळाला खाज असेल, तिथली कातडी जाड झाली असेल किंवा बरी न होणारी चीर असेल तर ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्या. तुम्ही सोसलेत त्याबद्दल मला तुमच्याविषयी मायाच वाटते. फक्त तुम्ही सोसलेत म्हणून सुनेनेही सोसावे, हा हक्क त्या वळाने तुम्हाला मिळत नाही.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कोणाच्या पोटात काय चालले आहे हे सांगण्याचा आव आणणार नाही. गव्हानंतर पोट फुगण्याची कारणे अनेक असतात. काहींना गव्हातली आंबणारी शर्करा झेपत नाही, आणि अशांना बहुतेक वेळा कांदा-लसणाचाही त्रास होतो. काहींना गव्हाची ॲलर्जी असते. काही बायकांच्या पोटफुगीचे मूळ आतड्यात नसून अंडाशयात असते, म्हणून ती तपासणीही टाळू नये. आणि काहींना सीलिअॅक हा आजार असतो, ज्यात गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक परदेशी धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, अन्न अंगी लागेनासे होते आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. हे व्हिडिओवाल्यांनी काढलेले खूळ नव्हे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रेडच्या टंचाईत आपले काही बालरुग्ण सुधारताना पाहिले होते, आणि १९५० मध्ये त्यांनी गव्हाचा आणि या आजाराचा संबंध प्रबंधात मांडला. आपल्याकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात हा आजार सुमारे सव्वा टक्का लोकांत आढळला, दक्षिणेत हजारी एकाच्या आसपास. जिथे ताटात गहू अधिक, तिथे तो जास्त दिसला.

म्हणून तुम्हाला करायची गोष्ट एकच आहे. येत्या आठवड्यात सुनेला घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा. ‘जाऊन ये’ असे तिला सांगू नका, स्वतः तिच्याबरोबर जा, आणि तिचे रक्ताचे जुने रिपोर्ट असतील ते पिशवीत घाला. घाई अशासाठी की सुनेनेही एक चूक करून ठेवली आहे आणि ती पोळी नाकारण्यापेक्षा मोठी आहे: तिने तपासणी न करताच गहू सोडला. सीलिअॅकसाठी रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तपासतात आणि गरज पडली तर दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन पाहतात. पण गहू बंद केला की ती प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, अस्तर भरून येते, आणि आजार असूनही रिपोर्ट निर्मळ येऊ शकतो. तपासणीपुरता गहू पुन्हा सुरू करायचा का, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. त्याआधी ‘नाहीतरी डॉक्टर खायला सांगणारच आहेत’ म्हणून तुम्ही तिच्या ताटात पोळी वाढू नका. तुमचा स्वभाव मला या एका पत्रातून कळला आहे.

समजा, सीलिअॅक निघाला. मग गहू आयुष्यभर बंद करावा लागतो, सणाची एक पोळीही चालत नाही, आणि तुमच्या नातवाचीही तपासणी करून घ्यावी लागते, कारण रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार साधारण दहांतल्या एकाला सापडतो. या वळणावर तुमच्यासारखी स्वयंपाकघर हातात असलेली बाईच उपयोगी पडते. नुसती भाकरी केल्याने काम भागत नाही. गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळून झाले असतील तर जात्यात अडकलेले ते पीठ तुमच्या ज्वारीत उतरते. म्हणून तिची ज्वारी, बाजरी, नाचणी वेगळ्या जात्यावर किंवा घरघंटीवर दळावी लागते. तिच्यासाठी परात आणि पोळपाट-लाटणे वेगळे हवे, कारण लाकडाच्या भेगांत कणीक राहते. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो, रवा आणि शेवया तर गव्हाच्याच. आणि ज्याचा संशय कोणालाच येत नाही ते हिंग: बाजारात मिळणारे बांधणीचे हिंग बहुधा कणकेत किंवा मैद्यात बांधलेले असते, म्हणजे वरणाच्या प्रत्येक फोडणीबरोबर थोडा गहू पोटात जातो. तांदळाच्या पिठात बांधलेले हिंगही मिळते, डबीवरची बारीक अक्षरे वाचायला चष्मा लावा.

आणि काहीच निघाले नाही, नुसते पचनच नाजूक निघाले, तरी रोजच्या भाकरीचे इतके जड का वाटावे? सोलापूर, मराठवाडा, खानदेश इकडच्या कित्येक घरांत दोन पिढ्यांपूर्वी रोजच्या ताटात भाकरीच असायची आणि पोळी सणावाराची. रेशनवर परदेशी गहू आला, पुढे हरितक्रांतीने तो मुबलक झाला, आणि मग पोळी रोजची होऊन बसली. सून भाकरी खाते म्हणून घराची रीत मोडत नाही. महागडी ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटे आणत असेल तर तेवढी मात्र खुशाल बंद करा, त्यांत बहुधा साखर आणि स्टार्चच असतो.

दवाखान्यात जाण्याआधी तिला एवढेच म्हणा, की नाडीचे तू सांगितलेस तेव्हा माझे लक्ष नव्हते, आता नीट सांग: कधी फुगते, काय खाल्ल्यावर, किती वेळ राहते. तिने सांगायला सुरुवात केली की मध्ये तुमच्या काळातले काही काढू नका. चैत्रात सोसायटीत पुन्हा हळदीकुंकू होईल, तेव्हा तिने साडी नेसावी की कुर्ता घालावा हे तिचे तिलाच ठरवू द्या, आणि कोणी ताट घेऊन आग्रहाला आलीच तर तिच्या आधी तुम्हीच सांगा की हिचे पथ्य आहे, हिला गव्हाचे काही वाढू नका. सासूच्या तोंडून ते निघाले की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. आंबेडाळ आणि पन्हे तिला बहुधा चालेल. फोडणीत कोणते हिंग घातले आहे, तेवढे मात्र आधी विचारून घ्या.