खासगीपणा जपण्यासाठी संगणकावर कोणता ब्राउझर वापरावा?

रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स घ्यावा आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि माग काढणारे घटक रोखणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी पूरक प्रणाली) बसवावे. २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी (संकेतस्थळे तुमच्या ब्राउझरमध्ये साठवतात त्या छोट्या नोंदी) मुळातच वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, त्यामुळे जाहिरात कंपन्यांना एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर तुमचा माग काढणे अवघड जाते. शिवाय हे एक्स्टेंशन त्यात पूर्ण क्षमतेने चालते, तर क्रोमने त्याचा आधार काढून घेतला आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे जाणारी वापराची तांत्रिक माहिती मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावी. ती आपोआप सुरू असते, हे मला पटत नाही. लक्षात असू द्या की प्रायव्हेट विंडोसुद्धा तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीचा क्रमांक) लपवत नाही आणि तुम्ही कोणती संकेतस्थळे उघडता हे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला सहसा कळतेच. तेही लपवणे गरजेचे असेल, तर तुमची जोडणी अनेक संगणकांमधून फिरवणारा टॉर ब्राउझर वापरावा, जरी तो संथ चालतो.